मोठीमायचं देणं

मी चित्रकलेची शिक्षिका झाले ती मोठीमायमुळे. नंतर पुस्तकं भेटली, गुरू भेटले, प्रदर्शनं पाहिली. पण न दिसणाऱ्या गोष्टीला चेहरा द्यायचा असतो, ही शिकवण तिची, आणि तिने तर आयुष्यात पेन्सिल हातात धरली नव्हती.

ती आमच्या नात्यातली नव्हती. तिचा नवरा आमच्या शेतावर सालदार होता. तो गेल्यावर ती गावातच एका खोलीत राहिली. उन्हाळा लागला की आईच्या हाताखाली कामाला यायची. पापड, कुरडया, सरगुंडे, वर्षाचं तिखट. आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्याचं ऊन काय असतं ते तिथल्यांनाच ठाऊक. दुपारी दारं लोटून घ्यायची, ओसरीत अंधार करायचा, आणि त्या अंधारात मोठीमाय सरगुंडे वळत बसायची. भिजवलेल्या कणकेची सुतासारखी वळी काढायची, काडीवर फिरवत न्यायची, अलगद सोडवून सुपात ठेवायची. नजर त्या काडीवर आणि तोंडाने गोष्ट. हात कधी थांबला नाही आणि गोष्टही नाही.

तिच्या गोष्टीतल्या प्रत्येकाला पत्ता होता. मुंजा देवळामागच्या पिंपळावर. सात आसरा नदीच्या डोहात, काठावर त्यांचे शेंदूर फासलेले सात दगड. चकवा नाल्याच्या वळणावर, रात्री शेतातून परतणाऱ्याला एकाच बांधाभोवती फिरवत ठेवणारा. त्याच्यावरचा उपायही ती सांगायची : “चकवा लागला त जाग्यावर बसून राहाचं. कोंबडं आरवलं का वाट आपोआप दिसते.” भर दुपारी डोहावर एकटं जायचं नाही, हे आम्हाला वडिलांनी दहादा सांगून पटलं नव्हतं. आसरांनी एका दुपारीत पटवलं. तो डोह खरंच खोल होता.

मी कोळशाने ओसरीच्या फरशीवर चित्रं काढायची. मोठीमाय मान वळवून पाहायची आणि चूक काढायची. “पाय सरळ काहून काढले व? हडळीचे पाय उलटे रायतेत.” मी पुसून पुन्हा काढायची. मुंजाला शेंडी हवी, खवीस दारात मावायला नको, आसरांच्या केसांतून पाणी निथळताना दिसायला हवं. केसांतून पाणी निथळताना कसं काढायचं? मी विहिरीवर जाऊन नुकत्याच न्हालेल्या बायका पाहून आले. निरीक्षणाचा माझा पहिला धडा तो. पुढे कला महाविद्यालयात हेच शिकवलं गेलं, पण तोवर ते मला येत होतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण भुताखेतांचा विषय निघाला की लोक तिच्यासारख्या बायांवर अंधश्रद्धेचा शिक्का मारतात. मोठीमायने कधी कुणाला उतारा सांगितला नाही, कुणाच्या आजाराचं खापर करणीवर फोडलं नाही. मला ताप चढला तेव्हा आईच्या आधी तीच म्हणाली, “गोष्टीतलं गोष्टीत ठेवा बाप्पा, पोरीले दवाखान्यात न्या.” जादूटोण्याविरोधातला कायदा राज्यात २०१३ मध्ये आला. भोंदूंना आणि बायकांना चेटकीण ठरवणाऱ्यांना तो हवाच होता, आणि त्याची अंमलबजावणी याहून कडक व्हायला हवी असं माझं मत आहे. पण ओसरीतली गोष्ट आणि मांत्रिकाचा धंदा यांतला फरक त्या निरक्षर बाईला चोख कळत होता.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे तोक्योला होते. तिने मला मेगुरो भागातल्या हॉटेल गाजोएनमध्ये नेलं. तिथे १९३५ सालची एक लाकडी इमारत जपून ठेवली आहे. डोंगरउतारावर चढत जाणारा एक लांब जिना आणि त्याच्या कडेने सात दालनं. नाव ‘शंभर पायऱ्यांचा जिना’, पायऱ्या मात्र नव्याण्णव. २००९ पासून तोक्यो शहराचा तो संरक्षित वारसा आहे. उन्हाळ्यात तिथे दिव्यांचं आणि कलाकृतींचं प्रदर्शन भरायचं, आणि त्या वर्षीचा विषय होता त्यांच्याकडची भुतं, राक्षस, मायावी प्राणी. जपानात भुतांचे दिवस उन्हाळ्याचेच. ऑगस्टच्या सुमारास पितर घरी येतात अशी त्यांची श्रद्धा, आणि उकाड्यात अंगावर काटा आणणारी गोष्ट ऐकली की गारवा वाटतो असंही ते मानतात. जुन्या काळी रात्री जमून शंभर वाती लावत, एकेक गोष्ट झाली की एकेक वात विझवत. शेवटची वात विझली तर खरंच कोणी येईल म्हणून पुष्कळदा नव्याण्णव गोष्टींवर थांबत.

पादत्राणं बाहेर काढून मी तो जिना चढले. पायाखाली जाड फळ्या, दालनांत अंधुक उजेड, वर छताला रंगवलेली फुलं-पाखरं, एका दालनात सोनेरी मुलामा दिलेले कोरीव खांब. आणि त्या सगळ्यात कागदाचे, लाकडाचे, मातीचे ते जीव. शिंगं, कोल्ह्याचे मुखवटे, कंदिलातून डोकावणारे डोळे. माणसं रांगेने शांतपणे पाहत होती. लहान मुलं प्रत्येकाला नावाने ओळखत होती.

ती मुलं ओळखत होती, कारण या भुतांना कुणीतरी बसून चेहरे दिले होते. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये त्यांचं सचित्र पुस्तक काढलं. एकेका भुताला एकेक चित्र आणि शेजारी नाव. विसाव्या शतकात मिझुकी शिगेरू यांनी हे सगळं मुलांच्या चित्रकथांत आणलं. या माणसाविषयी मला विशेष आपुलकी वाटते. दुसऱ्या महायुद्धात राबाउलला त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या हाताने ते आयुष्यभर चित्रं काढत राहिले, २०१५ मध्ये वारले. साकाइमिनातो या त्यांच्या बंदराच्या गावी एका रस्त्यावर त्यांच्या भुतांचे शंभराहून जास्त कांस्यपुतळे आहेत. आणि हे सगळं त्यांना कुणी दिलं? लहानपणी घरी येणाऱ्या एका गरीब म्हातारीने. मुलं तिला नोन्नोन्बा म्हणायची. ती गोष्टी सांगायची आणि हा मुलगा ऐकायचा. मिझुकींनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात २००७ मध्ये त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडेही रात्री वाटेत मागून पावलं वाजवणारं एक भूत आहे. बाजूला होऊन ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हटलं की ते निघून जातं. हे वाचलं तेव्हा मला चकव्याचा उपाय मोठीमायच्या आवाजात ऐकू आला.

नोन्नोन्बाचं ऋण जगाला कळलं. मोठीमायचं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे शब्दांचं काम मोठं झालं आहे. दुर्गाबाई भागवत, रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृती आणि लोकदैवतं यांच्यासाठी आयुष्यं वेचली. २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी ढेऱ्यांच्या कन्या अरुणा ढेरे होत्या. चित्रांचं काम मात्र राहून गेलं. नागपूरला पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघते, तिला रूप आहे, म्हणून पोरासोरांना ती ठाऊक आहे. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ पडद्यावर आला, पण तो कोकणातला. आमच्या पिंपळावरचा मुंजा, डोहातल्या आसरा, नाल्याचा चकवा यांना चेहरा नाही. सांगणाऱ्या म्हाताऱ्या जातील तशी त्यांची नावंही जातील.

तोक्योचं ते हॉटेल २०२५ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. मोठीमायला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या गोष्टींची चित्रं मी आता एका वहीत काढते आहे, पाय उलटे, केसांतून पाणी निथळतं, जसं तिने सांगितलं तसं. पण माझ्याजवळ एकाच गावच्या गोष्टी आहेत. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, आर्णी, झरी या सगळीकडे प्रत्येक डोहाची आणि पिंपळाची वेगळी गोष्ट असणार. तिथल्या शिक्षकांना, विशेषतः चित्रकलेच्या, माझी विनंती आहे : उन्हाळी सुटीत मुलांना पाढ्यांबरोबर एवढंही द्या, की घरातल्या किंवा शेजारच्या म्हातारीजवळ बसून एक गोष्ट ऐका, चित्र काढा, तिला दाखवा, आणि ती चूक काढेल तिथे पुसून पुन्हा काढा. चित्राखाली तिचं नाव घाला.