आधी कोणाचे पाश?

साठी उलटल्यावर लहानपणीच्या वस्तू पुन्हा पाहण्याचा मोह मनुष्यास होतो, आणि बहुधा त्याच्या पदरी निराशा येते. ज्या विहिरीत पोहावयास शिकलो ती लहानशी दिसते. ज्या वाटेवर दिवेलागणीनंतर भय वाटे ती चार घरांची बोळ ठरते. आमचा अनुभव मात्र यंदाच्या श्रावणात उलट आला. लहानपणी पाहिलेली एक गोष्ट आम्हांस पूर्वीपेक्षा मोठी दिसली, आणि तिच्यापुढे आम्हीच लहान ठरलो.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. आमच्या सात वर्षांच्या नातीस शाळेला सुटी होती. आईच्या मोबाईलवर कार्टून पाहता पाहता तिने विचारले, “आजोबा, तुमच्या लहानपणी कार्टून होतं का हो?” नव्हते, असे उत्तर आमच्या ओठांवर आले, परंतु ते खरे नव्हे. एक होते. त्याचे नाव ‘एक, अनेक और एकता’.

१९७२ साली मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढल्या वर्षी पुण्यासही ते दिसू लागले. आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडी दूरदर्शनचा संच होता. संध्याकाळी सारा वाडा तेथे लोटे. आम्ही मुले पुढे सतरंजीवर, वडीलधारी मागे. ही हिंदी भाषेतील, हलत्या रेखाचित्रांची फिल्म १९७४ सालची, अवघ्या सात मिनिटांच्या सुमाराची. ती विजया मुळे यांनी घडविली. चित्रांचे काम भीमसेन यांचे, संगीत आपल्या वसंत देसायांचे, आणि तीतील बालस्वर पुढे पार्श्वगायिका म्हणून नावारूपास आलेल्या साधना सरगम यांचा. हे सारे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा ठाऊक होती ती केवळ पाखरे, आणि जाळ्यासकट आकाशात उडून जाण्याची त्यांची हिकमत.

नातीने ती फिल्म क्षणार्धात शोधून काढली. पहिले नवल रंगांचे. आम्ही ती काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाहिली होती. तिला रंग आहेत हे पन्नास वर्षांनंतर प्रथमच दिसले. बाकी सर्व तसेच होते. ताई धाकट्या मुलांना ‘एक’ आणि ‘अनेक’ यांचा अर्थ सांगते. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. मग खार, फुलपाखरू आणि शेवटी पाखरे. पाखरे दाणे टिपावयास उतरतात, पारध्याच्या जाळ्यात सापडतात, एकदम उडून जाळेच घेऊन जातात, आणि दूर त्यांचे मित्र उंदीर ते जाळे कुरतडून त्यांस मोकळे करतात.

फिल्म संपली. आमचे डोळे किंचित ओलावले होते. तोच नातीने विचारले, “आजोबा, आधी कुणाला सोडवलं?”

मुलांच्या प्रश्नांना कधी कधी बाणाची धार असते. फिल्ममध्ये या प्रश्नास जागाच नाही. तेथे उंदीर पुष्कळ आहेत, म्हणून क्रम लावण्याचे कारण पडत नाही. परंतु ही कथा मूळची आपल्या पंचतंत्रातील आणि हितोपदेशातील. हितोपदेशाच्या ‘मित्रलाभ’ या पहिल्याच प्रकरणात कपोतांचा राजा चित्रग्रीव आपल्या परिवारासह जाळ्यात सापडतो. ज्याच्या सल्ल्याने सर्व खाली उतरले त्या कपोतास इतर दोष देऊ लागतात. राजा त्यांना थांबवितो. ही दोष देण्याची वेळ नव्हे, एकचित्त होऊन उडा, असे सांगतो. पारधी खालून धावत राहतो, कारण त्याची एकच आशा असते : ही पाखरे आपसांत भांडली की खाली पडतील.

ते भांडत नाहीत. गंडकीच्या तीरी हिरण्यक नावाचा मूषक राहतो, त्याच्याकडे ते येतात. आणि येथे मूळ कथेत एकच उंदीर आहे. तो मित्रप्रेमाने प्रथम चित्रग्रीवाचेच पाश तोडावयास धावतो. चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या आश्रितांचे पाश तोड. हिरण्यक व्यवहार सांगतो : माझी शक्ती थोडी, दात कोवळे, ते तुटले नाहीत तोवर तुझे पाश तोडतो, मग जमेल तसे इतरांचे. तरी राजा ऐकत नाही. दात पुरतील की नाही याचा भरवसा नसताना तो स्वतः शेवटी राहतो.

हा पाठ आम्ही संस्कृतच्या वर्गात तीस वर्षे शिकविला. समास सोडविले, अन्वय लावला, तात्पर्य लिहून दिले : एकीचे बळ. मुलांना पूर्ण गुण मिळाले. मात्र गुरुजींनी तो धडा केवळ वर्गापुरताच ठेवला होता.

आमचे तीर्थरूप एका आप्तास जामीन राहिले आणि १९८१ साली कर्ज मागे ठेवून वारले. आम्ही तिघे भाऊ. एक चूल, एक खर्च, सणासुदीस नवे वस्त्र नाही, अशा रीतीने नऊ वर्षांत ते कर्ज आम्ही फेडले. जाळ्यासकट उडालो, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९९६ साली वाडा विकला. पैसे तीन हप्त्यांनी यावयाचे होते. आम्ही घरात वडील. वाटणीचा शब्द आमचा. पहिला हप्ता आम्ही घेतला. आपला पाय आधी स्थिर झाला म्हणजे धाकट्यांना हात देता येईल, असे आम्ही म्हटले आणि ते आम्हांस खरेही वाटले. दुसरा मधल्यास दिला. तिसऱ्याच्या वेळी घेणाराचे दात संपले. धाकट्याच्या हाती निम्मीच रक्कम आली, तीही मागाहून. अकरा वर्षे तो दोन खोल्यांत भाड्याने राहिला. भांडण झाले नाही. त्याने शब्दही काढला नाही. म्हणून आम्ही समजलो की आमचे चुकले नाही.

पुढल्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. निवृत्तीच्या वेळच्या ठेवीतील त्याच्या तुटीइतकी रक्कम त्याच्यापुढे ठेवली, आणि नातीचा प्रश्न सांगितला. तो हसला. म्हणाला, “दादा, त्याच गोष्टीत राजा म्हणतो ना, की ही दोष देण्याची वेळ नव्हे? तूच शिकवलंस मला, ओसरीवर बसून.” भावजय मात्र काही बोलली नाही. तिने चहा ठेवला आणि आत निघून गेली. भावाच्या क्षमेपेक्षा तिचे मौन आम्हांस अधिक खरे वाटले. त्या दोन खोल्यांत संसार तिने केला होता. रक्कम त्याने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवून घेतली. परंतु अकरा वर्षे परत देणारी ठेव कोणत्याही पेढीत मिळत नाही.

एकत्र उडणे हे काम फार कठीण नाही, असे आता वाटते. खाली पारधी धावत असतो. भीतीच सर्वांचे पंख एका तालात हलविते. खरी कसोटी जमिनीवर उतरल्यावर लागते, जेव्हा संकट टळलेले असते, सोडविणारा एकच असतो आणि त्याचे दात थोडे असतात. त्या वेळी घरातील वडील माणूस कोणता क्रम लावतो, यावर पुढे त्या घराची एकी नावापुरती राहते की खरी, हे ठरते. ज्या घरांतून आज वाटणीच्या गोष्टी चालल्या असतील, तेथील वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

नातीस आम्ही उत्तर दिले : “आधी लहानांना सोडवलं, राजाला शेवटी.”

ती म्हणाली, “बरोबर. राजा मोठा होता ना.”