मुक्ताच्या इंटरसेप्टरचे सायलेन्सर

कोल्हापूर

चि. मुक्तास,

तुझं पत्र आणि तीन सायलेन्सरचे फोटो मिळाले. गाडी चांगली घेतलीस. इंटरसेप्टरचं ते ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन लांब पल्ल्याला दमत नाही. आधीच्या मालकाने कंपनीचे सायलेन्सर काढून मोकळ्या नळ्या लावल्या याचं वाईट वाटलं, पण तुला त्या उतरवून गाडी शांत करायची आहे हे वाचून फार आनंद झाला. आमच्या उद्यमनगरात आवाज वाढवून मागणारी पोरं रोज येतात. कमी करून मागणारं गिऱ्हाईक क्वचितच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायलेन्सरमध्ये आवाज दोन रीतींनी मारतात. एक, ग्लासवूलचा सायलेन्सर. आत भोकं पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती ग्लासवूल गुंडाळलेलं आणि वरून पत्रा. वायू सरळ निघून जातो, आवाजाचा काही भाग त्या लोकरीत जिरतो. दुसरा खणांचा. आत पडद्या घालून दोन-तीन खण केलेले असतात आणि वायूला एका खणातून दुसऱ्यात वळणं घेत जावं लागतं. जुन्या वाड्यात रस्त्यावरचा गलका देवडी, चौक, सोपा असं करत माजघरात पोचेपर्यंत मरून जातो, तसंच इथे होतं. खणांच्या भिंतींवर आपटून परतलेल्या लाटा मागून येणाऱ्या लाटांना छेद देतात.

तुझ्या निवडीत हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. ग्लासवूल वरच्या पट्टीतला आवाज चांगला खातं, म्हणजे कर्कश, तडतडणारा भाग. खालच्या पट्टीतल्या घुमण्यापुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. महामार्गावर शंभरच्या आसपास जाताना तुझं इंजिन साधारण ४००० आरपीएमला फिरेल. फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडर. म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ स्फोट. हा अगदी खालच्या पट्टीतला आवाज. तो कानापेक्षा छातीत आणि हेल्मेटच्या पोकळीत जास्त बसतो, आणि दोन-तीन तासांनी डोकं जड करतो. त्याला आवरायला खण लागतात आणि खणांना जागा लागते. मोठ्या इंजिनाला छोटा डबा लावून शांतता मिळत नाही, मग डब्यावर कुणाचंही नाव असो. तुझ्या पहिल्या फोटोतला आखूड, कार्बनच्या टोपीचा देखणा सायलेन्सर मी म्हणूनच बाजूला ठेवतो. शिवाय ग्लासवूल उष्णतेने जळत जातं आणि वायूबरोबर थोडं थोडं उडत राहतं. आज बरा वाटणारा आवाज काही हजार किलोमीटरनंतर वाढतो आणि मग डबा उघडून पुन्हा पॅकिंग भरावं लागतं. दौऱ्याच्या गाडीला हा व्याप नको.

दुसऱ्या फोटोतल्याची जाहिरात ‘डीबी किलर’वर आहे. तोंडाशी एका स्क्रूने बसवलेली ती बारीक नळी. ती काढली की गाडी ओरडते, घातली की थोडी नमते. पण आतला डबा तोच सरळ नळीचा, नुसतं तोंड आवळलेलं. स्क्रू सैल झाला की ती खडखडते, आणि गळून पडली तर परत पहिल्यासारखंच. मला हा उपाय अर्धवट वाटतो. त्याच्या पत्र्यावर युरोपचा ‘ई’ शिक्का आहे, हे खरं. पण तो शिक्का ठरावीक मॉडेलसाठी आणि डीबी किलर आत असतानाच लागू असतो. तुझ्या मॉडेलचं नाव कागदावर आहे का ते बघ.

तिसरा मला पटतो. लांब, दुहेरी पत्र्याचा, आत खण असलेला. दिसायला साधा आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुहेरी पत्र्याचा एक फायदा असा की डब्याचं अंगच वाजत नाही. पातळ टायटॅनियमचं अंग स्वतःही आवाज करतं. स्टेनलेस स्टीलच घे. तू कोकणात जाणार, खारी हवा; साधा पत्रा आतून वाफेच्या पाण्याने सडतो. खाली पाणी निघायला बारीक भोक आहे का, तेही बघ. सॅडलबॅग लावणार असशील तर वर उचललेल्या तोंडाचा सायलेन्सर नको, बॅग जळते.

आता विकणाऱ्यांच्या आकड्यांबद्दल. तुला ‘फक्त ९२ डेसिबल’ असं लिहून आलंय. कुठून मोजले, हे लिहिलेलं नाही. आपल्याकडे नव्या गाडीची मर्यादा १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबल आहे, पण ती चालत्या गाडीची, माईक साडेसात मीटरवर ठेवून. युरोपात उभ्या गाडीचा आवाज मोजताना माईक नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर असतो, ४५ अंशांच्या कोनात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे अर्ध्या मीटरवरचा आणि साडेसात मीटरवरचा आकडा यांत नुसत्या अंतराने वीसहून जास्त डेसिबलचा फरक पडतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कायद्यापेक्षा किती जास्त’ किंवा ‘किती कमी’ म्हणणं चूक आहे. आणि डेसिबल लहान दिसतात म्हणून फसू नकोस: १० वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो.

आणखी एक. ही सगळी मोजणी ‘ए’ पट्टीवर होते, जी माणसाच्या कानाच्या स्वभावाप्रमाणे खालच्या पट्टीतला आवाज कमी धरते. ६३ हर्ट्झच्या आसपास तर २६ डेसिबल वजा होतात. तुझ्या ६७ स्फोटांचं घुमणं त्या आकड्यात जवळजवळ येतच नाही! मोबाईलच्या अ‍ॅपवर तर मुळीच विसंबू नकोस. ज्याच्या गाडीला तो सायलेन्सर बसवलेला असेल त्याच्यामागे बसून तासभर महामार्गावर जा. डोकं घुमायला लागलं तर तो सायलेन्सर तुझ्या कामाचा नाही, आकडा काहीही असो.

कायद्याचंही सांगतो, कारण पुण्यात नाकाबंदीत तुला विचारतील. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, आवाजाची मर्यादा मोडली तर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि तीन महिने लायसन्स जातं. बाहेरचा सायलेन्सर शांत आहे एवढ्यावर तो कायदेशीर ठरत नाही. म्हणून अधिकृत संस्थेचं चाचणीपत्र माग. अशी एक संस्था, एआरएआय, तू फिरायला जातेस त्या वेताळ टेकडीवरच आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे तेही बघून घे. तो काढावा लागत असेल तर सायलेन्सर कितीही गप्प असला तरी घेऊ नकोस. चांगल्या खणांच्या सायलेन्सरचा वायूला होणारा अडथळा बराचसा मूळ सायलेन्सरसारखा असतो, त्यामुळे इंजिनाच्या मॅपिंगला सहसा हात लावावा लागत नाही. ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

तुझा मित्र म्हणतो, आवाजाने जीव वाचतो. त्याला सांग, आवाज मागे फेकला जातो आणि धोका पुढून येतो. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांनी नऊशेहून अधिक मोटरसायकल अपघातांचा अभ्यास केला, १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांशाहून जास्त वेळा धोका समोरच्या दिशेपासून डावी-उजवीकडे ४५ अंशांच्या आतच होता. काचा लावून, एसी आणि गाणी चालू ठेवून येणाऱ्या ड्रायव्हरला तुझी गाडी ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. हेडलाइट, रस्त्यावर नीट जागा धरणं आणि वेळेत ब्रेक, यांवर भर दे.

सायलेन्सर बदलल्यावरही हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज राहणारच. शंभरच्या वेगाला तो सहज नव्वदच्या वर जातो. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानतात, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ला एकच तास. आतल्या कानाच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. फोमचे इअरप्लग आजच आण, पुणे–कोल्हापूरसाठीसुद्धा. पण ते खालच्या पट्टीत कमी पडतात, म्हणून घुमणं उगमाशीच कमी करायला हवं.

आणि वारा तुझ्या एकटीच्या कानात असतो. सायलेन्सर रस्त्याकडेचे सगळे ऐकतात. तू पहाटे राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाटाने उतरणार म्हणालीस. तिथे घरं रस्त्याला लागून आहेत, पहाटे धारा काढायच्या असतात, आणि दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्ता ओलांडतात. त्या रस्त्याने ज्यांच्या दारावरून जायचं त्यांची झोप मोडू नये, जनावर बुजू नये, हे मला दौऱ्यावर निघणाऱ्या माणसाचं पहिलं कर्तव्य वाटतं.

खरेदीपूर्वी एक चौकशी मात्र कर. पुष्कळ हौशी लोक नव्या गाडीचे मूळ सायलेन्सर लगेच उतरवून माळ्यावर टाकतात. तसा न ठेचलेला जोड मिळाला तर तिन्ही फोटो विसर आणि तोच घे. त्याहून शांत आणि बिनझंझटीचं काही नाही. नाहीच मिळाला तर तिसरा. सुट्टीत गाडी इकडे आण, गॅस्केट नवीन घालून मीच बसवून देतो. आत्ताच्या नळ्यांचे क्लॅम्प आणि ब्रॅकेट फेकू नकोस, ते लागतील.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा