वस्तीची गाडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी जी शेवटची एस. टी. येते, तिला वस्तीची गाडी म्हणतात. रात्री ती देवळापाशी मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याला परत जाते. लहानपणी मला वाटे, वस्तीची गाडी म्हणजे आमच्या वस्तीची, आमच्या हक्काची गाडी! पुढे कळले की, आमच्या वाडीपर्यंत ती कधी येणारच नव्हती. वाडी देवळापासून अर्धा कोस खाली, पऱ्याच्या पलीकडे. मध्ये जांभ्याची पाखाडी आणि लाकडी साकव. आषाढात साकव पाण्याखाली गेला की, गाडीचा हॉर्न तेवढा वाडीत पोचे.

१९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. ‘रस्ता तिथे एस. टी.’ हे ऐकतच आम्ही वाढलो. त्यातली मेख उशिरा उमगली. गाडीला आधी रस्ता हवा आणि रस्त्याला आधी माणसे हवीत. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. तिने वस्तीची पात्रता डोक्यांवर ठरवली : सपाटीवर ५००, डोंगरी राज्यांत, आदिवासी आणि वाळवंटी भागांत २५०. आमचे राज्य डोंगरी राज्यांत मोडत नाही. त्यामुळे छातीवर येणारी आमची घाटी कागदावर सपाटी ठरली, आणि वाडी ५०० च्या पुष्कळच खाली राहिली.

नियम वाईट होता असे मला म्हणवत नाही. पैसा थोडा असला की अधिक माणसांचा रस्ता आधी करावा, हे कोणीही शहाणा मनुष्य सांगेल. पण पाळी येईपर्यंत माणसे थोडीच थांबतात! रस्ता नाही म्हणून मुले शाळेसाठी मुंबईस जातात. मुलांमागून आई जाते. मग घराला कुलूप लागते. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. याच दहा वर्षांत सारा महाराष्ट्र मात्र पावणेदहा कोटींच्या आतून सव्वाअकरा कोटींच्या घरात गेला. जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. घरे कोण राखून आहे, ते त्या आकड्यातच आले.

गंमत अशी की, त्या दोन्ही शिरगणत्या फेब्रुवारीत झाल्या. भाद्रपदात केल्या असत्या, तर आमचे नशीब उघडते! गणपतीत वाडीत पाय ठेवायला जागा नसते. आरतीला खळे भरून वाहते. गौरी-गणपती गेले की, चाकरमानी पाखाडी चढतात आणि मागे म्हातारी माणसे व कुत्री उरतात.

२०१९ च्या श्रावणात मी गावी होतो. एका रात्री थोरली काकी पडवीत घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. खुर्चीला बांबू बांधून आम्ही डोली केली. डोलीला चार खांदे लागतात. वाडीत खांदा देण्याजोगे पुरुष, मला धरून, तीन! एक पोरगी धावत देवळाकडे गेली आणि वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला उठवून घेऊन आली. कंडक्टरने बॅटरी धरली, ड्रायव्हरने खांदा दिला. साकवावर काकी कण्हत म्हणाली,

“चार खांद्यांवरून जायचं ते मेल्यावर. मला आधीच नेताय होय रे?”

“काकी, आमच्या गाडीत तिकीट काढल्याशिवाय कोणी वर जात नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

पहाटे मागच्या बाकावर निजवून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. काकी वाचली. पण नंतर मुलाने तिला मुंबईला नेले, ते कायमचे. त्याचे काय चुकले? वाडीतले मात्र आणखी एक डोके कमी झाले.

वस्तीची गाडी अजून येते. संध्याकाळी गावात दोन माणसे वाढतात आणि पहाटे दोन कमी होतात.