मानधन आणि मजुरी

त्या व्हाउचरचा राग अजून गेलेला नाही.

बी.आर्क.ला आम्ही सिमेंट शिकलो. वारसा-संवर्धनाच्या एम.आर्क.ला १९६४ची व्हेनिस सनद, १९५८चा स्मारक कायदा, मुंबईची १९९५ची हेरिटेज नियमावली, सगळं पाठ झालं. चुना मात्र हातात आला तो विभागाच्या कार्यशाळेत, तिथे शिकवायला आलेल्या गवंडी मिस्त्रींमुळे. कळीचा चुना विरवायचा कसा, मुरू किती द्यायचा, विटांची भुकटी कधी घालायची, गुळाचं पाणी कधी. एकजण प्रमाण लिहून घ्यायला लागली, तर म्हणाले, "मॅडम, वही ठेवा. थापीला कसा चिकटतोय ते बघा." सिमेंटच्या गिलाव्याने जुन्या भिंतीत ओल कोंडते, हे पुस्तकात होतंच. मिस्त्रींनी एका जुन्या वाड्यातला तो गिलावा छिन्नीने उडवून सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक दाखवलं. बोटाने भुगा निघत होता.

कार्यशाळेच्या शेवटी हिशेब माझ्याकडे आला. स्लाइड्स दाखवून गेलेल्या पाहुण्यांना मानधन, शाल, श्रीफळ, गाडीभाडं. मिस्त्रींना मजुरी, तीही बिगाऱ्यांच्या यादीत. वर पहिल्या दिवसाची अर्धीच! का, तर काम दुपारी सुरू झालं. अहो, सकाळभर भाषणं कोणाची चालली होती? चुना भिजवून मिस्त्री सकाळपासून मांडवाबाहेर उभे होते. मी कार्यालयात भांडले. "पदवी नसलेल्याला तज्ज्ञ म्हणून पैसे द्यायला हेड नाही." विभागप्रमुखांकडे गेले. "तुझं बरोबर आहे गं, पण ऑडिट." अर्धा दिवस शेवटपर्यंत कापलेलाच राहिला. मिस्त्रींनी व्हाउचरवर सही केली, पैसे न मोजता खिशात घातले.

वारसा-संवर्धनाच्या अभ्यासक्रमाला ज्यांना जायचं असेल त्यांनी ग्रंथालय नंतर बघावं. आवारात चुन्याचा हौद आहे का आणि शिकवणाऱ्यांत एखादा गवंडी आहे का, ते आधी विचारावं.

पुढे एकदा मिस्त्रींच्या घरी गेले. जुनं विटांचं घर आणि बाहेरून सगळा सिमेंटचा गिलावा! एवढं भांडलेली मी, पण त्या क्षणी राग आला तो त्यांचाच. ते म्हणाले, "पावसाळा तोंडावर होता. चुन्याला सवड लागते." मुलगा टाइल्स बसवतो, चौरस फुटावर पैसे घेतो. माझ्या सध्याच्या वाड्याच्या कामावर त्याला चुन्याला पाठवा, म्हणाले मी. मिस्त्रींनी विचारलं, "कुठल्या यादीत?"