पाठीराखे

नाचणगाव पुलगावपेक्षा जुनं. वर्ध्याच्या पश्चिमेकडच्या या भागात कापसाचा व्यापार आणि बाजारहाट नाचणगावात चाले, तेव्हा पुलगाव म्हणावं असं काही नव्हतंच. रेल्वे आली ती वर्धा नदीवरच्या पुलापाशी. स्टेशन झालं, पुढे कापडगिरणी झाली, आर्वीची छोटी गाडी सुरू झाली, दारूगोळ्याचा प्रचंड डेपो आला आणि जुनं गाव मागे पडलं. नाचणगावच्या गल्ल्यांतून फिरताना हा बदल अजून जाणवतो. जुनी घरं, देवळं, एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसं इथे आहेत. स्टेशनकडे जाऊ लागलं की रस्ता रुंद होतो आणि चेहरे अनोळखी होत जातात.

विदर्भातल्या छोट्या गावांमधल्या कॅथलिक धर्मग्रामांचा इतिहास मला इथूनच सुरू करायचा होता. नाचणगावात मोठं चर्च आहे म्हणून नव्हे. ही धर्मग्रामं ज्या वाटांनी आली, त्यातली एक या गावाला वळसा घालून गेली, म्हणून. गावाला जसं ग्रामदैवत, तसा धर्मग्रामाला पाठीराखा संत. त्याच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, सणाच्या दिवशी मिस्सा, मिरवणूक, पाहुणे, जेवणावळ. ग्रामदैवत बहुधा तिथल्याच मातीतलं असतं. विदर्भातले हे संत मात्र दुरून आलेले. त्यांना कोणी आणलं, हे पाहायला मी पुलगावहून नागपूरची गाडी धरली.

हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. वाटेतलं वर्धा शहरही त्याच काळातलं, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसवलेलं. रेल्वेबरोबर गार्ड, फोरमन, तारमास्तर आले. त्यांत गोव्याचे होते, तमिळ होते, अँग्लो-इंडियन होते आणि त्यांच्यात कॅथलिक कुटुंबं पुष्कळ. भुसावळ, बडनेरा, अजनी अशा ठिकाणी रेल्वेच्या वसाहतींमुळे रविवारच्या मिस्सेला माणसं जमू लागली. सिंदी, बुटीबोरी मागे टाकत गाडी चालली होती. बाहेर तूर आणि कपाशी. या संतांच्या वाटेतला रेल्वे हा अलीकडचा टप्पा. त्याआधीचा कामठीचा.

नागपूरला उतरून मी आधी कामठीच गाठली. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. त्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीकाठी ही छावणी वसवली. इथे फौज असे ती मद्रास इलाख्याची, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई असत. देशी पलटणींसोबत दक्षिणेतली तमिळ, तेलुगू कुटुंबं येत, त्यांतही ख्रिस्ती असत. मुंबईहून पोर्तुगीज परंपरेची शाखा इकडे यावी असं नकाशा पाहून वाटतं. पण कामठीची नाळ पूर्व किनाऱ्याशी जोडलेली होती, म्हणून धर्मगुरूही पूर्वेकडूनच आले.

ते होते साव्हॉय या आल्प्समधल्या डोंगराळ मुलखातले. साव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. ते फ्रान्सकडे गेलं १८६० मध्ये. तिथल्या आन्सी गावी पिएर-मारी मेर्मिए या धर्मगुरूने १८३८ मध्ये एक मिशनरी संघ स्थापला. या संघाचे पहिले लोक १८४५ मध्ये पाँडिचेरीला उतरले आणि विशाखापट्टणमला गेले. त्यांच्या हाती जो मुलूख आला तो बंगालच्या उपसागरापासून थेट कामठी-नागपूरपर्यंत पसरलेला. रेल्वे नाही, भाषा येत नाही, उन्हाळा असा. आजही मे महिन्यात कामठीच्या रस्त्यावर उभं राहिलं की त्या माणसांच्या जिद्दीपुढे मान लवते.

या संघाचा पाठीराखा संत फ्रान्सिस डी सेल्स. नागपुरात ‘एसएफएस’ म्हटलं की शाळा आठवते, कॉलेज आठवतं. सदरकडचं कॅथेड्रलही त्याच्याच नावाचं. पण त्या तीन अक्षरांमागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो. जन्म १५६७, साव्हॉयमधला. १६०२ मध्ये तो जिनिव्हाचा बिशप झाला, पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्याला आयुष्यभर आन्सीतच राहावं लागलं. शाब्ले भागात लोक त्याचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा तो आपलं म्हणणं कागदावर लिहून त्यांच्या घरांत पोहोचवू लागला. एका बहिऱ्या तरुणाला शिकवता यावं म्हणून त्याने खुणांची भाषा तयार केली. १६२२ मध्ये तो वारला, १६६५ मध्ये संतपदाला पोहोचला. पुढे १९२३ मध्ये पोपनी त्याला लेखक-पत्रकारांचा पाठीराखा ठरवलं. इतकी वर्तमानपत्रं निघणाऱ्या नागपूरला असा संत लाभावा, याचा मला मनापासून आनंद होतो. त्याचा सण २४ जानेवारीला.

नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ चा, पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ. १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. १९५५ मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला. सेमिनरी हिल्सवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या पायाखालीही एक संत आहे. टेकडीला नाव पडलं ते सेंट चार्ल्स सेमिनरीवरून, आणि चार्ल्स बोरोमिओ हा मिलानचा सोळाव्या शतकातला आर्चबिशप धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी झटलेला.

वसईत सगळं निराळं. तिथे १५३४ नंतर पोर्तुगीज आले, चर्चं उभी राहिली, आणि त्याच मातीतून संतही निघाला. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, जपानला गेला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ मध्ये तो संत झाला. गासचं चर्च त्याच्या नावाचं. वसईकर त्याच्याबद्दल बोलतात ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

विदर्भाच्या धर्मग्रामांना तसा भूमिपुत्र लाभला नाही. मात्र साव्हॉयच्या फादरांना इथली बोली शिकवणारी, त्यांच्यासोबत पायी हिंडणारी, प्रार्थना पाठ करून घेणारी इथलीच माणसं होती. त्यांची नावं चर्चच्या पाट्यांवर नाहीत. असली तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांत. त्या ठेवणं प्रत्येक धर्मग्रामाचं कर्तव्यच असतं. वाळवी आणि पावसाळा या दोघांच्या तावडीतून त्या वेळेवर सोडवायला हव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी फादरांची परवानगी घ्यावी, पानापानाचं छायाचित्र काढावं, इंग्रजी-लॅटिन वळणाने लिहिलेली मराठी-तमिळ नावं लावून पाहावीत. कामठीपासून सुरुवात करावी. तिथून रेल्वेच्या मार्गाने एकेक स्टेशन घेत पश्चिमेकडे सरकावं.