न पळालेले काळवीट

आमच्या आजोळी दिवाळीची चाहूल फटाक्यांनी लागत नसे, मामांच्या बंदुकीने लागे. उदगीरच्या अलीकडचे ते माळावरचे गाव. बंदूक ठासणीची, जुनाट. काळविटांचे कळप ज्वारीत उतरत, आणि मामा त्यांना पिकाचे चोर म्हणत. चोराला मारण्यात पाप नाही, असा त्यांचा सोयीस्कर धर्म होता. काळवीट माणसाला बुजते, बैलगाडीला बुजत नाही. म्हणून मामा गाडीच्या आडून नेम धरीत. तरीही दहा वेळा गेल्यावर एखादे हाती लागे.

१९५७ साली वसुबारसेच्या आदल्या दिवशी मात्र ते तासाभरात परत आले. गाडीत मोठा काळा नर.

"पळालंच नाही गं! नुसतं बघत उभं राहिलं," ते आजीला कौतुकाने सांगत होते.

म्हातारा सालगडी वाकून पाहत होता. काळविटाच्या ओठांवर लाळ होती, डोळ्यांखाली चिकट ओघळ, मागचे पाय घाणीने माखलेले.

"मालक, पळत न्हाई ते जनावर घरी आणू न्हाई. पुरून टाका ह्येला."

मामा हसले. हौदाशीच त्यांनी ते सोलले, आतडीही तिथेच धुतली. त्याच हौदावर बैल पाणी पीत. हाळीच्या बाजारातून आणलेली देवणी जोडी होती ती, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. मामींपेक्षा बैलांचे लाड जास्त, असे आजी म्हणे, आणि ते खोटे नव्हते.

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले आणि सर्जाने वैरण सोडली. अंग तापले, तोंडात फोड आले, लाळ गळू लागली, मग जुलाब. बुळकांडी! त्याच्यामागून राजा बसला. मामा रात्रभर गोठ्यात बसून त्यांना पेज पाजायचा प्रयत्न करीत. आठ दिवसांत दोन्ही दावी रिकामी झाली. पुढे शेजारच्या गोठ्यांतूनही रडणे ऐकू आले. "रोग बाजारातून आला असेल," असे मामा म्हणत. पण म्हणताना सालगड्याकडे पाहत नसत.

पुढे मी या रोगाविषयी वाचत गेलो. त्याच्यासाठीच १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला गेली. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम सुरू झाली होती. आमच्या गावी ती सुई बैल गेल्यावर पोचली. तेव्हा गावची जनावरे शिंगाला धरून उभी करायला मामाच सर्वांत पुढे होते. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र मनाला लागली. बुळकांडी मुळात गाईगुरांची. एकाच माळावर चरताना, एकाच डबक्यावर पाणी पिताना ती गुरांकडून हरणांना, नीलगाईंना जाई. म्हणजे त्या मुक्या काळविटाला ती बहुधा आमच्यासारख्याच कुणाच्या गुरांनी दिली होती, आणि मामांनी ती गाडीत घालून घरी आणली! अमेरिकेत १९६७ पासून हरणांचा एक झिजवणारा रोग माहीत आहे. तिथे शिकारी मारलेल्या हरणाचे डोके तपासणीला देतात आणि मगच मांस शिजवतात. आमच्याकडे तपासणारा एक म्हातारा सालगडी होता, त्याचे ऐकले नाही.

१९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. मामांची त्याआधी पंधरा वर्षे बंद होती. नांदेड-लातूरकडचे शेतकरी आजही काळविटांच्या नावाने बोटे मोडतात, आणि त्यांचे नुकसान खोटे नाही. मामांनी मात्र पुढे कळप शेतात दिसला की नुसता डबा वाजवला.

थकल्यावर मी त्यांना हे सारे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे त्यानं आपल्याला दिला नाही?"

"आधी आपण त्याला दिला असेल, मामा."

त्यांनी भिंतीकडे पाहिले. त्या काळविटाची पिळदार शिंगे तिथे अजून होती. सर्जाची घुंगुरमाळ त्यांनी त्यांतल्याच एकाला अडकवून ठेवली होती.