बोट टेकल्यापासून पान उमटेपर्यंत

जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा बाहेरच्यांनी लिहिलेलं ॲप त्यात घालायची सोय नव्हती. ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. मधलं वर्ष आम्हा वेबवाल्यांचं होतं, जे करायचं ते सफारी ब्राउझरमध्ये. त्या वर्षातलं मला सर्वांत देखणं वाटलेलं काम म्हणजे ऑगस्ट २००७ मध्ये आलेली फेसबुकची आयफोन आवृत्ती. ती जो हेविटने लिहिली. आमच्यापैकी बहुतेकांना तो आधी फायरबग या वेबपानं तपासायच्या साधनामुळे माहीत होता.

छोट्या पडद्याचा विषय निघाला की लोक जागेबद्दल बोलतात. ३२० पिक्सेल रुंद, ४८० उंच. पण जागेचं कोडं लवकर सुटतं. रकाने मोडून एकच यादी करायची, ओळ बोटाला सापडेल एवढी, साधारण ४४ पिक्सेल उंच ठेवायची, झालं. खरी झटापट वेळेशी. त्या फोनला थ्रीजी नव्हतं. वायफाय सुटलं की एजचं मंद मोबाइल जाळं. आणि एजवर मजकुराच्या वजनाइतकेच सर्व्हरकडचे हेलपाटे नडायचे.

म्हणून पूर्ण पान पुन्हा मागवायचंच नाही. फक्त नवा तुकडा आणायचा, हातातल्या पानात बसवायचा आणि उजवीकडून सरकवत पुढे करायचा. मागे जाताना जुना तुकडा तिथेच असतो, त्यामुळे तो लगेच येतो. सरकणं अनेकांना नखरा वाटलं. मला ते दिशा दाखवणं वाटतं.

अडचण मागे जाण्याच्या बटणाची. पान बदललंच नाही तर ब्राउझर मागे कुठे जाणार? म्हणून पत्त्याच्या शेवटी # लावून खूण ठेवायची. ती बदलली हे सफारी तेव्हा कळवत नसे. हेविटने हीच पद्धत ज्यातून सगळ्यांसाठी खुली केली, त्या आययूआय लायब्ररीत एक टायमर दर ३०० मिलिसेकंदांनी पत्ता पाहून येई. दाराशी कोणी आलंय का म्हणून आजोबांनी सारखं डोकवावं तसा. कोड म्हणून ओबडधोबड, पण चालायचं.

शिवाय बोट टेकल्यावर सफारी स्वतःच सुमारे ३०० मिलिसेकंद थांबे, न जाणो, झूमसाठी दुसरी टिचकी येत असेल. तो वेळ आमच्या हातात नव्हता. त्यानंतरचा होता. आययूआयमध्ये दाबलेली ओळ निळी होई आणि तिच्याच कडेला चक्र फिरू लागे. पडद्याच्या मधोमध चक्र टाकणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. ते नुसतं थांबा म्हणतं. ओळीवरचं चक्र कशासाठी थांबायचं तेही सांगतं.